सगुणाला खिळा ठोकू नका

इंदूताई गेल्याचं मला शमीमभाभीनं कळवलं, पण 'गेल्या' हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वाचनालयातला फोन वाजला आणि भाभी म्हणाली, "वैशालीताई, सिरियल लागली हाय आणि शटर अजून खालीच हाय..." राहुरीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत भाभीचं बांगड्यांचं दुकान आणि इंदूताईंचं शिवणकामाचं दुकान, दोन्हींत एकच भिंत. सकाळी इंदूताईंच्या छातीत कळ आली तेव्हा भाभीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथून नगरला न्यायला सांगितलं, आणि नगरच्या रस्त्यावर गाडीतच सगळं आटोपलं. एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेली बाई बंद शटरसमोर उभी होती, आणि सांगायला तिला तेवढं एकच वाक्य सापडलं. मला ते पुरलं. मी "येते" म्हणाले, सुट्टी असूनही समोर थांबलेल्या गृहस्थांच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, पंखा बंद केला आणि मग खुर्चीतच बसून राहिले. रडू आलं नाही. अलीकडे काहीही झालं तरी मला आधी बसावंसं वाटतं.

याला आता दोन महिने होत आले. त्यांच्यावर लिहा, असं दोघातिघांनी सुचवलं आणि मी टाळलं. टाळण्याचं कारण साधं आहे. मी एकदा इंदूताईंच्या वतीनं लिहिलं होतं, आणि वाईट लिहिलं होतं. ते इथे सांगणारच आहे, पण जरा दमानं.

आमची ओळख झाली ती बाहीवरून. माझ्या एका ब्लाऊजची बाही दंडात काचत होती म्हणून मी भर दुपारी त्यांच्या दुकानात गेले. आत चार बायका मांडीवर साड्या घेऊन फॉल लावत बसलेल्या, आणि कपाटावर ठेवलेल्या लहान टीव्हीवर एक मोकळ्या केसांची बाई बारवेच्या पायऱ्या चढून वर येत होती. मी तोंड उघडायच्या आत मशिनमागून आवाज आला, "बसा मॅडम. ब्रेकमधी बघते." हा त्या दुकानाचा नियम होता. मालिका चालू असताना मशिन चालायचं नाही, कारण मशिनच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत. जाहिराती लागल्या की इंदूताई पायडलवर पाय ठेवायच्या आणि जाहिराती संपेपर्यंत थांबायच्या नाहीत. एका ब्रेकमध्ये एक बाही, दोन ब्रेकमध्ये गळा आणि पट्टी, असा त्यांचा हिशेब पक्का होता. माझी बाही पहिल्या ब्रेकमध्ये उसवली आणि दुसऱ्यात शिवून झाली. मधल्या वेळात मला ती मालिका बघणं भाग पडलं, आणि नंतरची तीन वर्षं, वाचनालयाच्या दुपारच्या सुट्टीत, मी तिथे आपण होऊन जात राहिले. सव्वीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केल्यावर दुपारी पुस्तकांपासून लांब बसायला मिळणं ही मोठी गोष्ट असते.

मालिका रात्री लागायची, पण रात्री घरात रिमोट पुरुषांच्या हातात, म्हणून आमच्या सगळ्यांची मालिका म्हणजे दुसऱ्या दिवशी दोनचं पुनःप्रक्षेपण. गोष्ट अशी की एका मोठ्या घरातली सून, सगुणा, पन्नास वर्षांपूर्वी बारवेत पडून मेलेली. पडलेली नाही, घरच्यांनी ढकललेली. ती आता परत आली आहे आणि घरातल्या पुढच्या पिढीला सळो की पळो करून सोडते आहे. तिच्याशी लढायला मधुरा नावाची नवी सून, जी उठल्यापासून झोपेपर्यंत उपास तरी करते नाहीतर कुणाला तरी वाढते. शिवाय कामिनी नावाची जाऊ, कारण अशा घरात एक कामिनी लागतेच. आणि या सगळ्यांना वठणीवर आणणारे एक गुरुजी, ज्यांच्याकडे प्रत्येक बाईवर काही ना काही उपाय असतो.

इंदूताई या सगळ्या बायकांकडे शिंपिणीच्या नजरेनं बघायच्या. "मधुराचं ब्लाऊज बघा, बाही कोपरापर्यंत, गळा बंद. म्हंजी चांगली," असं त्या टाचण्या तोंडात धरून म्हणायच्या. "कामिनीची पाठ उघडी, वर लटकन. म्हंजी वाईट. लिवनाऱ्याला बाई कळत न्हाई मॅडम, ब्लाऊज कळतं." सगुणाच्या बाबतीत तर त्यांचा संतापच व्हायचा, कारण तिला प्रिन्सेस कट शिवला होता. "पन्नास वर्सांमागं मेलेल्या बाईला प्रिन्सेस कट कुठनं आला? तवा गाठीची चोळी हुती. बारवेत काय फॅशन चाललीया व्हय?" आणि पुढच्याच महिन्यात गावातल्या मुली तसल्याच ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या, 'सगुणा कट' मागत. इंदूताईंनी कपाळावर हात मारला आणि सगळी शिवून दिली. एका आईनं मात्र लेकीच्या साखरपुड्याला तो कट नको म्हणून वाद घातला, भुताचं ब्लाऊज अंगावर घालून पोरगी पाटावर बसणार का, म्हणून. इंदूताईंनी तिला शांतपणे विचारलं, "आणि मधुराचं चाललं असतं का? ती तर तीनशे एपिसोड उपाशी हाय."

शमीमभाभीला कामिनी आवडायची. का, तर अख्ख्या मालिकेत ती एकटीच बाई जेवताना दिसते. आम्ही हसलो, मग दोन आठवडे लक्ष ठेवून पाहिलं, आणि ते खरं निघालं. मधुरा वाढते, आईसाहेब नैवेद्य दाखवतात, सगुणा रक्त पिते असं नुसतं म्हणतात, दाखवत नाहीत. घास तोंडात जातो तो कामिनीच्याच. प्रतीक्षा नावाची एक मुलगी यायची, कृषी विद्यापीठात बियाण्यांवर शिकणारी, जामखेडकडची. ती फॉल लावता लावता मोबाईलवर इतर प्रेक्षकांच्या गटातली भांडणं आम्हाला वाचून दाखवायची. मधुरा आदर्श आहे म्हणणारे, मधुरा नुसता खांब आहे म्हणणारे, सगुणाच्या डोळ्यांचं कौतुक करणारे. एकदा मी सहज म्हणाले, की एकूण या मालिकेतलं स्त्रीपात्रांचं चित्रण फार साचेबद्ध आहे. मग इंदूताई म्हणाल्या, "आमी तेच म्हनत हुतो मॅडम, पन आमी लई दिवसांपासनं म्हनतोय." मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. तिथे माझ्या शब्दांवाचून कुणाचं अडत नव्हतं.

एक मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. भाभी, प्रतीक्षा, मी, आम्ही सगळ्या गंमत म्हणून वाद घालायचो. इंदूताई तसं करत नव्हत्या. सगुणा पडद्यावर आली की त्यांच्या हातातली सुई थांबायची. तिला कुणी चेटकीण म्हटलं की त्या मान झटकायच्या. "ती येते, उंबऱ्याशी उभी ऱ्हाती, अन् लोक किंचाळत्यात. कोन इचारतंय का तिला, बये, तुला काय सांगायचंय?" हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल ते सांगता येणार नाही. मला वाटायचं, एकट्या बाईला मालिकेचा लळा लागतो तसा लागला असेल. मी माणसं वाचण्यात फारशी हुशार कधीच नव्हते.

मग एका आठवड्यात मालिकेच्या जाहिरातीत खिळा दिसू लागला. गुरुजींच्या हातात वीतभर लांब खिळा, पुढे पिंपळ, आणि खोल आवाजात घोषणा, की आता सगुणाचा कायमचा बंदोबस्त होणार. त्याच दुपारी ऐन रंगात लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद, मशिनला आधीच सुट्टी. आम्ही घामेजून बसलो होतो आणि प्रतीक्षा म्हणाली, "एवढ्याशा खिळ्यानं भूत कसं बांधतात हो?" इंदूताईंनी सुई कापडात खोचून ठेवली. "केसानं बांधत्यात," त्या म्हणाल्या. "बट घ्यायची, झाडाला ठोकायची, अन् मंग विळ्यानं कापायची. भूत झाडापाशी ऱ्हातं, बाई मोकळी होती. असं म्हनत्यात... माजी बट हितली हुती." आणि त्यांनी उजव्या कानामागे बोट ठेवलं.

सतराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं, जामखेडकडच्या एका गावात. नवरा मारका होता का, असं भाभीनं विचारलं तर म्हणाल्या, तसं काही नाही, फक्त त्याच्या शेजारी झोपायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची. त्या बोलायच्या बंद झाल्या, जेवायच्या बंद झाल्या, रात्री उठून अंगणात बसू लागल्या. सासू म्हणाली लागीर झालं. देवऋषी आला, धूर झाला, छडी झाली, आणि शेवटी गावाबाहेरच्या बाभळीला खिळा. "मला काई लागीर न्हवतं," इंदूताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, कपड्याचं माप सांगावं तशा. "मला तिथं ऱ्हायाचं न्हवतं. येवढंच हुतं. पन येवढंच सांगितलं तर कोन ऐकतंय? म्हनून मीबी घुमाया लागले. घुमतानी जे बोलले ते सगळं माजंच हुतं. लोक म्हनले, भूत बोलतंय." खिळा ठोकला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पायात चपला नसताना निघाल्या आणि दोन एसट्या बदलून माहेरी आल्या. त्यांचं माहेर शिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण त्याचा असा उपयोग मी पहिल्यांदा ऐकला. "चौकट हुती, दार न्हवतं. मी सरळ आत गेले अन् चुलीम्होरं बसले. दार असतं तर वाजवावं लागलं असतं मॅडम. मंग कोनी उघडलं असतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई..."

लाइट आली तेव्हा कुणी टीव्हीकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं इंदूताईंनीच मला सांगितलं, "मॅडम, तुमी लिवनाऱ्या हाय. त्या सिरियलवाल्यांना पत्र लिवा. मी सांगते." मापांच्या वहीचं शेवटचं पान त्यांनी मला उघडून दिलं आणि मी त्या बोलतील तसं पेन्सिलीनं उतरवून घेतलं. वही रात्रीपुरती घरी नेऊन मी ते नीट केलं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं नीट लावून ठेवण्यात गेलं आहे, मला वेगळं काही येतच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाचून दाखवलं. आपल्या लोकप्रिय मालिकेतील स्त्रीपात्रांचे चित्रण पारंपरिक साच्यात अडकलेले असून अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे आहे, सबब सुजाण प्रेक्षक या नात्याने आम्ही तीव्र नापसंती नोंदवतो, वगैरे. दोन पानं. भाषा निर्दोष होती. इंदूताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "लई भारी लिवलंय," त्या म्हणाल्या, आणि मग, "पन ह्यात मी कुठं हाय?"

मी समजावलं. अशा पत्रात व्यक्तिगत गोष्टी बऱ्या दिसत नाहीत. शिवाय तुमचं नाव कुठल्या कुठे जाईल, लोक काय काय बोलतील, तुमच्याच भल्यासाठी मी ते काढलं. त्यावर त्या मोठ्यानं हसल्या. "माजी सासूबी असंच म्हनायची, तुज्याच भल्यासाठी!" हसत हसतच त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या दोन पानांखाली सही केली. मी ते पत्र टपालात टाकलं. त्यांच्या त्या हसण्यात मला राग दिसला नव्हता, आणि आता मला वाटतं की नव्हताच. माझ्यासारख्या बायकांवर रागावून काही होत नाही, हे त्यांना फार आधी कळलं असावं.

उत्तर आलं नाही. यायचंही नव्हतं, अशी हजार पत्रं तिथे केराच्या टोपलीत जात असतील. पण इंदूताई थांबल्या होत्या. पोस्टमन गल्लीत वळला की त्या मशिनवरून मान वर करायच्या. "वाचलं असंल का हो?" एवढंच विचारायच्या, तेही भाभी नसताना. तीन आठवड्यांनी मालिकेचा शेवट लागला. मधुरानं चाळीस दिवसांचा उपास केला, गुरुजींनी मंत्र म्हटले, सगुणाची बट पिंपळाला टेकवली आणि हातोडा वर गेला. ज्यांनी तिला ढकललं होतं ते घरचे लोक हात जोडून ओळीत उभे होते, आणि लगेच पुढच्या दृश्यात सगळे पंगतीला बसले. तेवढ्यात आमच्या कानावर एक आवाज आला. आम्ही वळून पाहिलं. जाहिराती लागल्या नव्हत्या, संवाद चालू होते, आणि इंदूताईंचं मशिन धडधडत होतं. तीन वर्षांत असं पहिल्यांदा झालं. भाग संपला, नावं सरकून गेली, तरी त्या शिवत राहिल्या. एका सरळ कापडाला त्या नुसत्याच टिपा घालत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्येंनी पत्र वाचलंच आसंल मॅडम. पन त्यात कायच न्हवतं, त्येंनी तरी काय करावं..." त्यांनी ते दोष देण्यासाठी म्हटलं नाही. त्या खरंच वाहिनीची बाजू समजून घेत होत्या. मला मात्र ते अजूनही झोपू देत नाही.

पुढे वाहिनीकडे दुपारसाठी दुसरं काही नव्हतं म्हणा किंवा मागणी होती म्हणा, त्यांनी तीच मालिका पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केली. आम्ही कंटाळलो होतो. प्रतीक्षाची परीक्षा आली, मला वाचनालयाच्या तपासणीनं पिळून काढलं, भाभीच्या गुडघ्यांनी संप केला. इंदूताई एकट्याच बघत बसायच्या. शेवट माहीत असताना आता काय बघायचं त्यात, असं मी एकदा वैतागून विचारलं. "आत्ता अजून खिळा यायचाय," त्या म्हणाल्या. "आत्ता ती मोकळी हाय. बघू द्या की मला." ती आमची शेवटून दुसरी भेट. शेवटच्या भेटीत आम्ही फक्त अस्तराच्या कापडाबद्दल बोललो.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी मी गेले होते. पिंड मांडला गेला, आणि कावळा शिवेना. एक तर अलीकडे कावळेच कमी झालेत, दोन आले ते पलीकडच्या झाडावर बसून राहिले. ऊन वाढत गेलं. इंदूताईंचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणतात, वय सत्तरीच्या पुढचं, हात जोडून एकेक कबूल करू लागले. दुकान बंद पडू देणार नाही, दरवर्षी तुझ्या नावानं जेवण घालू, तुझं मशिन विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. प्रतीक्षा माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, पत्राचं सांगा ना. परत लिहिते म्हणून सांगा." मी अंधश्रद्धेविरुद्ध दोन निर्दोष पानं लिहिलेली बाई. एवढ्या लोकांत पिंडापुढे जाऊन मी कावळ्याला काय शब्द देणार होते? मी जागेवरच उभी राहिले. माझा कावळ्यावर विश्वास नाही, पण तेव्हा पुढे न जाण्याचं कारण ते नव्हतं. मला चारचौघांत ओशाळं व्हायचं नव्हतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घाईनं पांगले. दादांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

चार दिवसांनी भाभीनं सांगितलं, की दुकानाच्या मागे इंदूताईंची जी खोली आहे, तिच्या उंबऱ्यात दादांनी खिळा ठोकून घेतला आहे. जीव अडकलाय, परत येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे. भाभी रडत होती. "सगुणाला ठोकला तसाच, इतका मोठा," ती हातानं दाखवत म्हणाली. मी त्या दिवशीही काही केलं नाही. घरी गेले, भात लावला, आडवी झाले. थकवा हा किती सोयीचा असतो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

गेल्या आठवड्यात दादा सामान न्यायला आले, तेव्हा मात्र मी गेले. मशिन दोरीनं बांधून दाराशी ठेवलं होतं, टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. दादा इंदूताईंच्या स्टुलावर बसले होते. मी मापांची वही मागितली. "घ्या की, आमाला काय तिचा उपेग," ते म्हणाले. मी शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, दादा, हे ताईंनी मला सांगितलं होतं, तुम्ही ऐका. आणि पेन्सिलीनं लिहिलेलं ते सगळं, एक शब्द न बदलता, मी वाचलं. इथेही तसंच देते.

'सिरियलवाल्यांना नमस्कार. मी इंदू, राहुरीत ब्लाऊज शिवते. तुमची सगुणा मी रोज बघते. ती आपनहून बारवेत गेली न्हाई, लोकांनी ढकलली, हे तुमीच दाखवलंय. मंग खिळा तिलाच का? माजे केस झाडाला ठोकले हुते. मला लागीर न्हवतं. मला तिथं ऱ्हायाचं न्हवतं. सगुणाचंबी असंच काईतरी आसंल. तिला घरात येऊ द्या. बसू द्या. पानी द्या. काय सांगायचंय ते इचारा. मी आले तवा आमच्या घराला दार न्हवतं, म्हनून मी वाचले. सगळ्यांच्या घराला दारं असत्यात. म्हनून सांगते, सगुणाला खिळा ठोकू नका.'

दादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती आली त्या दिशी मी घरातच हुतो. लांबनं येताना दिसली मला. आईला म्हनलं, हिला ठिवून घेऊ नको, उंद्या पहिल्या गाडीनं पोचवून येतो. लोक काय म्हनतील..." त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. "दार असतं ना मॅडम, तर मी आतनं कडी घातली असती. खरं सांगतो. दार न्हवतं. ती आली अन् चुलीम्होरं बसली. बसलेल्या मानसाला उठवायचं कसं? म्हनून ऱ्हायली ती." भाभी दारात उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. मी विचारलं, हे ताईंना ठाऊक होतं का? "मी कदी बोललो न्हाई. तिनं कदी इचारलं न्हाई," दादा म्हणाले. "कावळा शिवला न्हाई तवा मला वाटलं, आता ती त्याचाच जाब इचाराया येनार. म्हनून ठोकला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मी त्यांच्या शेजारी फॉलच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, दादा, माझ्याही हातून झालंय. त्यांनी काय झालंय ते विचारलं नाही. भाभी तिच्या दुकानातून पक्कड घेऊन आली. खिळा सागाच्या उंबऱ्यात पार डोक्यापर्यंत गेला होता, पकडीत येईना. दादांनी कात्रीच्या टोकानं कडेचं लाकूड उकरलं, मी पक्कड धरली, भाभीनं माझ्या हातांवर हात ठेवून ओढलं. तीन म्हाताऱ्या माणसांनी मिळून तो कसाबसा बाहेर काढला. वाकडा झाला होता. दादा तो तळहातावर घेऊन उभे राहिले. "ह्येचं आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. भाभी डोळे पुसत म्हणाली, "द्या इकडं. मला कॅलेंडर टांगायला खिळा लागतोच हाय."

मशिन टेम्पोतून शिंगणापूरला गेलं. टीव्ही भाभीकडे आहे. पुनःप्रक्षेपण कधी ना कधी खिळ्यापाशी पोचेलच, पण आम्ही ते लावणं सोडून दिलं आहे. आमच्यापुरती सगुणा अजून बारवेच्या पायऱ्यांवर आहे. पत्र मी पुन्हा पाठवलं, या वेळी वर दिलं आहे तसं, खाली फक्त इंदूताईंचं नाव घालून. मालिका कधीच संपली आहे, ते वाचून तिथलं कुणी काय करणार, हे मलाही कळतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्या खोलीत थोडी थांबले. खुंटीवर त्यांची टेप लटकत होती, खिडकीत खडूचे तुकडे होते. दोन वाजत आले होते. निघताना सवयीनं माझा हात दार ओढून घ्यायला कडीकडे गेला... आणि मी तो मागे घेतला. दार तसंच सताड उघडं ठेवून मी उंबरा ओलांडला.